गीतेचे वकील काशिनाथ त्र्यंबक तेलंग

आपल्या दिंडीत ज्ञानेश्वरी वाचली जाते. ती गीतेवरची टीका, हे लेकरालाही ठाऊक. पण त्याच गीतेवर दीडशे वर्षांमागं चोरीचा आळ आला होता अन् तो एका मराठी वकिलाने खोडला, हे थोड्यांनाच ठाऊक. तेलंग वारकरी नव्हते, तरी त्यांचं नाव या अंकात पाहिजे.

जन्म ३० ऑगस्ट १८५०, मुंबई. चुलते त्र्यंबकरावांनी दत्तक घेतलं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, एम.ए., एलएल.बी. झाले आणि १८७२ साली मुंबई हायकोर्टात अपिलाची वकिली धरली. अपिलाचं काम तहसिलीतल्या कज्ज्यासारखं नसते. तिथं सहसा नवा साक्षीदार नाही. खालच्या कोर्टाचे कागद पुढ्यात, त्यातूनच चूक कुठं झाली ते दाखवायचं. दत्तक, वाटणी असल्या कज्ज्यांत तेलंग धर्मशास्त्राच्या पोथ्या मुळातून वाचत, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन असे.

त्याच काळात लोरिंझर नावाच्या जर्मन पंडिताने लिहिलं, की गीतेतले विचार बायबलाच्या नव्या करारातून घेतले. आपण असतो तं चिडलो असतो. तेलंगांनी १८७५ मध्ये गीता इंग्रजी पद्यात उतरवली अन् प्रस्तावनेत अपिलासारखा एकेक मुद्दा घेतला. भाषा पाहा, वृत्ताची ठेवण पाहा, कालिदास-बाणासारख्या कवींना गीता ठाऊक होती ते पाहा. त्यांच्या मते गीता ख्रिस्ताआधीच्या तिसऱ्या शतकाच्या अलीकडची नाहीच. मग जो ग्रंथ तेव्हा झालाच नव्हता, त्यातून उचलणार काय? तेव्हा वय पंचविशीचं! पुढं १८८२ ला मॅक्समुल्लर साहेबांच्या ग्रंथमालेत त्यांचं गीतेचं गद्य भाषांतर छापलं गेलं अन् ते जगभर गेलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. सुधारणेच्या बाजूनं बोलणाऱ्या या माणसानं स्वतःच्या मुलीचं लग्न लहानपणीच लावलं. घरच्यांपुढं नमले म्हणतात. लोकांनी बोल लावला, तो खोटा नव्हता.

१८८५ ला काँग्रेस उभी करणाऱ्यांत ते होते. १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. १ सप्टेंबर १८९३ रोजी देह ठेवला. त्रेचाळीस वर्षं पुरी होऊन दोनच दिवस झाले होते.