पडद्याआडच्या बायकांची वकील

वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा कोट आणि कोर्ट येतं. पण बाईला वकिलाची गरज कोर्टाच्या पायरीच्या खूप आधी लागते. घरातलंच कोणी कागद पुढे सरकवून इथे सही कर म्हणतं, खरी गरज तेव्हाच असते. हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने ओळखलं होतं, आणि ती आपल्या नाशिकची होती! तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी.

१५ नोव्हेंबर १८६६ रोजी तिचा जन्म झाला. वडील मूळचे पारशी, पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवत. अडल्यानडल्या बायका आईकडे सल्ल्याला यायच्या. त्यातल्या एकीची इस्टेट कारभाऱ्याने फसवून गिळंकृत केली होती. ते लहानग्या कॉर्नेलियाच्या मनात रुतून बसलं आणि कायदा शिकायचं तिने तेव्हाच ठरवलं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातली ती पहिली मुलगी. वर्गातली मुलं तिच्या तोंडावर दार लावून घेत, तरी ती शिकली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर. परीक्षेत एवढं यश मिळवूनही विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती. मग काही दिवस अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि इतर हितचिंतकांनी पैशाची मदत केली आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला पोहोचली. १८९२ साली तिथली कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री ठरली. पदवी हातात पडायला मात्र १९२२ साल उजाडलं, म्हणजे तब्बल तीस वर्षं!

भारतात परतल्यावर कॉर्नेलियाबाईंनी मुंबईची एलएल.बी. केली, अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षाही दिली. पण बायकांना वकिली करायची परवानगीच नव्हती. इतकं शिकून रिकामं बसायचं? बाईंनी वेगळी वाट काढली. जमीनदारांच्या, संस्थानिकांच्या घरातल्या पडदानशीन विधवांचे हाल त्यांनी पाहिले होते. नावावर लाखोंची इस्टेट, पण परपुरुषाशी बोलायची सोय नाही. साहेब पडद्याबाहेर, बाई आत. आतून उत्तर नक्की कोण देतंय, तेही साहेबाला कळायचं नाही. कागद दिवाणजी वाचणार आणि तो सांगेल तिथे बाईने अंगठा उठवायचा. पडदानशीन बाईने केलेला दस्त तिला नीट समजला होता, हे त्याचा फायदा घेणाऱ्याने सिद्ध करावं, असं न्यायालयं तेव्हाही सांगत. पण हे त्या बाईपर्यंत पोहोचवणार कोण?

अशा बायकांसाठी स्त्री सल्लागार नेमा, असा अर्ज बाईंनी १९०२ मध्ये सरकारकडे केला. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारसांच्या आणि विधवांच्या इस्टेटी सांभाळणारं हे सरकारी खातं. पुढे बिहार, ओरिसा, आसामपर्यंत कामाचा पसारा वाढला. पालखीतून, बोटीतून दूरदूर जायचं, पडद्याआड बसून त्या बाईचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐकायचं, पोटगीचा आणि खर्चाचा हिशेब तपासायचा, भाऊबंदकीचे तंटे मिटवायचे. शिवाय मुलांची शाळा, आजारपण, औषधपाणी हेही बघायचं. नुसता कायदा सांगून बाईचं भागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुमारे ६०० बायका-मुलांना त्यांनी अशी मदत केली, असं सांगतात.

बाईंची सगळीच मतं आपल्याला पटतील असं नाही. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. त्यामुळेही असेल, पण आपण त्यांना विसरलो. १९२३ मध्ये कायदा बदलून स्त्रियांना वकिलीचं दार उघडलं, तेव्हा बाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. तरी कलकत्त्याला त्यांनी काही वर्षं वकिली केली. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

मैत्रिणींनो, आज तो पडदा राहिला नाही. पण हक्कसोडपत्रावर, कर्जाच्या जामीनपत्रावर न वाचता सही करणाऱ्या शिकलेल्या बायका आमच्या मंडळाच्या कामात आजही भेटतात. भाऊ म्हणाला म्हणून, मुलगा म्हणाला म्हणून! अशा वेळी फी कुठून आणू हा प्रश्न तरी पडू देऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. आपल्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. कागद समोर आला की दोन दिवस मागून घ्या. घरच्यांना राग आला तर येऊ दे. सही झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो राग परवडला!