पळवणकर बाळू : एक न फिटलेले देणे

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे कोणाचेही चरित्र वाचताना मला जमा-खर्चाची वही आठवते. क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांचा हिशेब मात्र मला अजून जुळवता आलेला नाही.

बाळूंचा जन्म आपल्या शेजारच्या धारवाडचा, 1870 च्या दशकातला. घराणे मूळचे कोकणातले, चांभार समाजाचे. वडील सैन्यात नोकरीला. पुण्यात बाळूंनी प्रथम पारशांच्या आणि पुढे इंग्रजांच्या क्लबात मैदान झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे, जाळी लावण्याचे काम केले. इंग्रजांकडे पगार दरमहा चार रुपये. साहेबांच्या सरावासाठी ते तासन् तास डाव्या हाताने फिरकी टाकत. पण त्यांच्या हाती बॅट कधी कोणी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने थोड्या वादानंतर त्यांना घेतले, कारण इंग्रजांना हरवायचे होते. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सर्वांच्या हाताला चालत असे. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनबाहेर आणि त्यांचा चहा मातीच्या भांड्यात! तोच चेंडू, तेच हात; मग विटाळ चहालाच कसा होत होता?

1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी 114 बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. 1920 साली विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या धाकट्या भावांनी अन्यायाच्या निषेधार्थ संघाबाहेर राहणे पसंत केले. अखेर 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्या भावाचे देणे धाकट्याच्या नावावर जमा झाले, असे फार तर म्हणता येईल.

पुढे बाळू राजकारणात आले. 1937 च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. 1955 साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

मी दोन वर्षे कॉलेजच्या संघात खेळतो आहे. हा लेख लिहिताना ध्यानात आले, की सामन्यापूर्वी खेळपट्टीवर पाणी मारून रोलर फिरवणाऱ्या मामांचे पूर्ण नाव मला ठाऊक नाही. त्यांनी कधी चेंडू टाकून पाहिला का, हेही मी विचारलेले नाही. उद्या सरावाला जरा लवकर जाणार आहे.