रानड्यांचे डोळे आणि परीक्षेचे ओझे

जानेवारीत निफाडचे नाव पेपरात येते ते थंडीमुळे. पारा घसरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, अशी बातमी दरवर्षी ठरलेलीच. याच निफाडमध्ये, अशाच ऐन थंडीत, १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. न्यायमूर्ती, समाजसुधारक, अर्थशास्त्राचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो. मग आरोग्याच्या सदरात ते कसे? तर परीक्षांच्या अभ्यासापायी ऐन विशीत डोळे गमावण्याची वेळ आलेला हा विद्यार्थी होता, आणि ती गोष्ट ते पुढे विसरले नाहीत.

वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले, त्यामुळे महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. मुलगा इतका अबोल आणि संथ होता की याचे पुढे कसे होणार, याची घरच्यांना काळजी वाटे. चौदा-पंधरा वर्षांचा असताना तो मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकायला आला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस जणांत रानडे होते. १८६२ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेत चौघे पास झाले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे.

पहिली तुकडी म्हणजे काय, याचा आजच्या विद्यार्थ्याने जरा विचार करून पाहावा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका नाहीत. काय सोडले तरी चालते, हे सांगणारा सीनियर नाही. गाइड नाही, नोट्स नाहीत. सगळे इंग्रजीतून, आणि घरची भाषा मराठी. अभ्यास कुठे थांबवायचा हेच माहीत नसेल तर हुशार मुलगा एकच गोष्ट करतो: सगळेच वाचतो. रानड्यांनी तेच केले. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, इंग्रजी साहित्य, जे ग्रंथालयात सापडेल ते. विजेचे दिवे यायला अजून बराच अवकाश होता, तेव्हा रात्रीचे वाचन तेलाच्या दिव्यावर.

बरे, नुसता अभ्यास असता तरी एक वेळ निभावले असते. फेलो म्हणून त्यांना खालच्या वर्गांना शिकवावे लागे. १८६२ मध्ये ‘इंदुप्रकाश’ सुरू झाले आणि त्याच्या इंग्रजी विभागाचे काम त्यांच्याकडे आले. मधेच एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी राज्याशी केली म्हणून प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. म्हणजे वर पैशाचीही ओढाताण. त्यातून १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एलएल. बी. या यादीकडे आपण कौतुकाने पाहतो. पण तिची किंमत डोळ्यांनी मोजली. वाचनाच्या अतिरेकाने दृष्टी इतकी बिघडली की काही काळ पुस्तक बाजूला ठेवावे लागले, आणि डोळ्यांचा हा अधूपणा पुढे जन्मभर सोबत राहिला.

डोळ्यांना नेमके काय झाले, याचे निदान दीडशे वर्षांनी करायला जाऊ नये. मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे जातात, हा समज आज नेत्रतज्ज्ञ मानत नाहीत. मात्र जवळचे पाहताना डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलणारा स्नायू सतत ताणलेला राहतो, पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, डोके दुखते. आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण बरेच खाली येते. म्हणून वीस मिनिटांनी वीस फुटांवरचे काहीतरी वीस सेकंद पाहा, असे डॉक्टर सांगतात. सोपे आहे, पण गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत परीक्षेच्या तोंडावर हे किती जण करतात, ते एकदा जाऊन पाहा.

डोळे हा पुन्हा दिसणारा भाग. न दिसणारी झीज झोपेची. दिवसा वाचलेले मेंदू रात्रीच्या झोपेत पक्के करतो, त्यामुळे झोप कापून जादा तास मिळवणारा विद्यार्थी एका हाताने कमावतो आणि दुसऱ्या हाताने घालवतो. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की तेच पाठांतर एका बैठकीत रेटण्यापेक्षा काही दिवसांत विभागून केले तर कमी कष्टांत लक्षात राहते. रानडे परीक्षा देत होते तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे, तरी ‘नाइट मारणे’ अजून शौर्याचेच मानले जाते.

रानड्यांनी वाचन सोडले नाही, वाचण्याची रीत बदलली. ते दुसऱ्यांकडून वाचून घेऊ लागले. १८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश झाले आणि १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होत्या. त्यांचे इंग्रजी शिक्षण नाशिकच्या दिवसांत चालू होते आणि सभेत बोलण्याचा पहिला प्रसंगही त्यांच्यावर इथेच आला. पुढे रमाबाई त्यांना वर्तमानपत्रे वाचून दाखवत. यात मला एक शहाणपण दिसते. आपल्या शरीराची एक बाजू दुबळी आहे हे या माणसाने लपवले नाही, आणि मदत घेण्यात कमीपणाही मानला नाही. आजची मुले ग्रुपवर रात्री दोनला ‘झाला का तुझा सिलॅबस’ विचारतील, पण मला हे झेपत नाही, असे एकाही मित्राला सांगणार नाहीत.

पहाटे उठून अभंग म्हणण्याची त्यांची सवयही रमाबाईंनी आठवणींत लिहून ठेवली आहे. दिवसाची सुरुवात कागदपत्रांनी न होता गाण्याने होणे, ही मनाला विश्रांतीच होती, नाव काहीही द्या.

१८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. विद्यापीठातही त्यांच्या शब्दाला वजन होते. मुंबईचे पदवीधर तरुणपणीच मरतात, हा त्या दशकातला जळता प्रश्न होता. बालविवाह, गरिबी, व्यायामाचा अभाव अशी कारणे सांगितली जात. रानड्यांनी बोट परीक्षांकडे दाखवले. परक्या भाषेत, एकाच वेळी, सगळ्या विषयांचे इतके ओझे कोवळ्या वयात पेलत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी एका विषयात नापास झाले की सगळे विषय पुन्हा द्यावे लागत. पास झालेला विषय पुन्हा मागू नये, परीक्षा तुकड्यांनी घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. मराठीला विद्यापीठात स्थान मिळावे यासाठीही ते झटले. ओझ्यासाठी मुलाला दोष देण्याऐवजी त्यांनी ओझे लादणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारला, आणि तोही व्यवस्थेच्या आत, वरच्या खुर्चीवर बसून. हे मला त्यांच्या पदव्यांपेक्षा मोठे वाटते.

आजच्या विद्यार्थ्यासाठी एवढेच जोडतो. वाचताना अक्षरे धूसर दिसणे, रोजची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमक येणे, यांवर परस्पर थेंब न घालता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आठवडाभर झोप लागत नसेल, भूक गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर घरी सांगावे. घरी सांगता येत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. परीक्षा झाल्यावर बघू, असे म्हणू नये.

रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी हृदयविकाराने मुंबईत गेले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्यांच्यासोबत १८६२ ला बी. ए. झालेले भांडारकर अठ्ठ्याऐंशी वर्षे जगले. आणि एका विषयात राहिलेल्या मुलाला तेवढाच विषय पुन्हा देता येतो, ही सोय आज नाशिकच्या प्रत्येक कॉलेजात आहे. मुले तिला एटीकेटी म्हणतात.