इ-त्सिंग आणि कुक्कुटेश्वराचे भिक्षू

नालंदेच्या वसतिविहारात देशोदेशींचे विद्यार्थी एकत्र राहत, हे आपण जाणतो. ते कोणत्या नावाने ओळखले जात, हे मात्र मुख्यतः एका भिक्षूने लिहून ठेवले म्हणून कळते. तो म्हणजे चिनी आचार्य इ-त्सिंग.

त्यांचा जन्म इ.स. ६३५ चा. चौदाव्या वर्षी प्रव्रज्या घेतलेल्या या भिक्षूने ६७१ मध्ये ग्वांगझौ बंदरातून एका इराणी व्यापाऱ्याचे गलबत धरले. वाटेत सुमात्रातील श्रीविजय नगरीत त्यांनी सहा महिने संस्कृत व्याकरण गिरविले, ६७३ मध्ये ते ताम्रलिप्तीस उतरले आणि पुढे नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिले.

तेथे त्यांना कळले की, भारतीय लोक ग्वांगझौला चीन, राजधानीला महाचीन आणि तेथील सम्राटाला देवपुत्र म्हणतात. कोरियाचे नाव त्याहून नवलाचे होते : कुक्कुटेश्वर! त्या देशात कोंबड्याला देव मानतात व त्याची पिसे मस्तकी धारण करतात, अशी ऐकीव माहिती इ-त्सिंग यांनी नोंदविली आहे. कोगुर्यो आणि सिल्ला ही कोरियातील दोन वैरी राज्ये. परंतु कोगुर्योसाठी असलेले हे नाव सिल्लाच्या भिक्षूलाही लागले. दूरच्यांना शेजाऱ्यांमधला भेद दिसत नाही, हेच खरे.

सिल्लाच्या या भिक्षूचे नाव आर्यवर्मन. विनय व अभिधर्माचा अभ्यास करून त्याने अनेक सूत्रे नकलून घेतली होती. मायदेशी परतण्याची त्याची मोठी इच्छा होती. सत्तरी उलटल्यावर नालंदेतच त्याचे निधन झाले. पुढे एकदा नालंदेतील चिनी ग्रंथ तपासताना इ-त्सिंग यांना एका ग्रंथाअखेरीस छोटी नोंद आढळली : बुद्धांच्या दंतकाष्ठापासून वाढलेल्या वृक्षाखाली सिल्लाचा भिक्षू ह्ये-ओप याने हे लिहिले. चौकशी करता विहारातील भिक्षूंनी सांगितले की, तो साठीच्या सुमारास येथेच वारला. त्याने नकललेल्या संस्कृत पोथ्या तेव्हाही तेथेच होत्या.

चारशेच्या आसपास संस्कृत ग्रंथ घेऊन इ-त्सिंग यांनी ६८५ मध्ये नालंदा सोडली. श्रीविजयात बसून त्यांनी छप्पन्न भिक्षूंची चरित्रे लिहिली व ६९२ मध्ये ती चीनला धाडली. ६९५ मध्ये ते लोयांगला परतले, तेव्हा सम्राज्ञी वू स्वतः वेशीपर्यंत सामोरी आली. पुढील आयुष्य भाषांतरात गेले. ७१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या चरित्रग्रंथात सिल्लाच्या आणखी दोन भिक्षूंना स्थान आहे. समुद्रमार्गे निघालेले हे दोघे श्रीविजयच्या पश्चिमेस आजारी पडून वारले. भारत त्यांनी पाहिलाच नाही. त्यांची नावे इ-त्सिंग यांना मिळाली नाहीत. तसे नमूद करून, इतरांच्याच रांगेत, त्यांनी त्या दोघांचेही चरित्र लिहिले आहे.