शॉर्ट लेगचा एकनाथ

क्रिकेटवर लिहिणार म्हटल्यावर आपल्या ग्रुपवर हसण्याची रांग लागली. हसा. पण आठवी ते दहावी आपल्या वर्गाच्या सगळ्या सामन्यांची स्कोअरवही माझ्याकडे होती. मुलींना खेळायला घेत नव्हते आणि मुलांची बेरीज चुकायची, म्हणून. वैशाखऱ्यात कापणी झाली की धसकटं उपटून खाचरात पिच तयार व्हायचं. बांधावर बसून मी जितकं क्रिकेट पाहिलं, तितकं पुढे इंजिनीअरिंगला असताना टीव्हीवरही पाहिलं नाही.

निमित्त आपल्याच ग्रुपवरच्या भांडणाचं आहे. शाळेला सीझन बॉलचं किट द्यायचं यावर एकमत झालं, पण हेल्मेट सक्तीचं असावं का यावर दोन रात्री मेसेज चालले. सक्ती नको म्हणणाऱ्यांनी शेवटी एकनाथ सोलकरचं नाव काढलं. बॅट्समनच्या नाकासमोर तो उघड्या डोक्याने उभा राहायचा, त्याचं काय बिघडलं? म्हणून हा लेख. (क्रिकेटपटूला अहोजाहो केलं की तो परका वाटतो, तेव्हा एकेरीबद्दल रागावू नये.)

एकनाथचा जन्म मुंबईतला, १८ मार्च १९४८ चा. वडील मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्यावर माळी होते. मैदानाच्या कडेलाच एका खोलीत सगळं कुटुंब राहायचं. सामना असला की हा पोरगा स्कोअरबोर्डाचे आकडे बदलायचा. सभासदांच्या मुलांना जे क्रिकेट फी भरून मिळत होतं, ते याला दारातच मिळालं, पण दाराच्या दुसऱ्या बाजूने. त्याचा भाऊ अनंतही पुढे प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळला. माळ्याच्या खोलीतून दोन क्रिकेटपटू निघाले, हे मला त्याच्या कसोटी कारकिर्दीइतकंच मोठं वाटतं.

शाळकरी वयात तो भारतीय शालेय संघाचा कप्तान झाला. लंडनच्या शालेय संघाविरुद्ध त्याच्या हाताखाली सुनील गावसकर आणि मोहिंदर अमरनाथ खेळले. १९६९ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केलं. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनला भारताचे पाच गडी ७५ धावांत गेले होते, तिथून दिलीप सरदेसाईबरोबर त्याने १३७ धावांची भागी केली. त्यात त्याच्या ६१. वेस्ट इंडीजला फॉलोऑन मिळाला, तो या भागीमुळे.

पण सोलकर म्हटलं की आठवतो तो शॉर्ट लेग. बॅट्समनच्या पायापासून दोन-तीन पावलांवर, जवळजवळ उकिडवा, हात जमिनीलगत. २७ कसोटींत ५३ झेल. वीसहून अधिक कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या कोणाचीही सरासरी याच्यापुढे नाही. १९७२-७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या एका मालिकेत त्याने बारा झेल घेतले.

आपले गणिताचे सर ओव्हलचा झेल फळ्यावर काढून दाखवायचे, आठवतं? ऑगस्ट १९७१. इंग्लंडमध्ये आपण तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. पहिल्या डावात ९० काढणारा ॲलन नॉट उभा राहिला असता तर तेव्हाही जिंकलो नसतो. वेंकटराघवनचा चेंडू नॉटच्या बॅटला लागून खाली पडायच्या आत सोलकरने पुढे सूर मारून जमिनीलगत उचलला. नॉट एकवर बाद, इंग्लंड १०१ वर खलास. चंद्रशेखरचे सहा बळी सगळ्यांना माहीत असतात. सर मात्र खडूने नॉटच्या बॅटपासून सोलकरच्या बोटांपर्यंत रेघ ओढायचे आणि आम्हाला वेळ काढायला लावायचे. उत्तर नेहमी सेकंदाच्या आत यायचं. एवढ्या वेळात डोकं बाजूला घेता येत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता भांडणाकडे येते. सोलकरने हेल्मेट नाकारलं नव्हतं. त्याची शेवटची कसोटी जानेवारी १९७७ मधली. कसोटीत हेल्मेट घालून खेळायला पहिल्यांदा उतरला ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप, मार्च १९७८ मध्ये, बार्बाडोसला. जी वस्तू बाजारातच नव्हती ती न वापरणं याला निवड कसं म्हणायचं? योगायोग असा की सोळा वर्षांपूर्वी, मार्च १९६२ मध्ये, त्याच बार्बाडोसला आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टरच्या कवटीला ग्रिफिथचा चेंडू लागला होता. वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेलने रक्त दिलं, आपल्या बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे, पॉली उमरीगरने दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही.

सोलकरचं हेल्मेट होतं ते बेदी, प्रसन्ना, चंद्रा आणि वेंकटच्या बोटांत. चेंडू आखूड पडला की शॉर्ट लेगचं मरण. हे चौघे तसा क्वचितच टाकत, म्हणून तो तिथे राहू शकला. आपल्या शाळेच्या पोरांकडे असे स्पिनर आहेत का?

माझ्या धंद्यात एक चूक फार जण करतात. जी यंत्रणा बंद पडली नाही तिचेच आकडे तपासतात आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगतात. सोलकर हा बंद न पडलेल्या यंत्रणेचा आकडा आहे. दुसरा आकडा रमण लांबाचा. फेब्रुवारी १९९८, ढाका, क्लबचा सामना. लांबा शॉर्ट लेगला गेला. हेल्मेट मागवायचं का अशी विचारणा झाली, पण षटकातले तीनच चेंडू उरले होते, म्हणून तो नको म्हणाला. फटका कपाळावर बसला. तीन दिवसांनी तो गेला, अडतिसाव्या वर्षी. ही खरी स्वतःची निवड होती, आणि तीन चेंडूंपुरती.

मोठ्या माणसाने स्वतःच्या डोक्याचं काय करायचं ते त्याने ठरवावं, या म्हणण्याला मी हसत नाही. गावसकर वर्षानुवर्षं हेल्मेटविना खेळला, पुढे कवटीपुरती टोपी घातली, ती स्वतः ठरवून. पण जून २०२३ पासून आयसीसीने बॅट्समनच्या पुढ्यात जवळ उभ्या राहणाऱ्या फिल्डरला आंतरराष्ट्रीय सामन्यांत हेल्मेट सक्तीचं केलंय. म्हणजे नेमकी सोलकरची जागा. आणि पोरांच्या संघात त्या जागी कोण जातं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांत लहान, सगळ्यांत नवा, ज्याला नाही म्हणता येत नाही तो. आपण नववीत असताना एका गावच्या स्पर्धेत वाडीवरच्या एका पोराला असंच पुढे उभं केलं होतं. भुवईवर टाके पडले. माझ्या वहीत त्या चेंडूपुढे फक्त एक धाव लिहिलेली आहे. त्याला कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

सोलकर २६ जून २००५ रोजी मुंबईत हृदयविकाराने गेला, सत्तावन्न वर्षांचा होऊन. त्याचं नाव घेऊन पोरांना उघड्या डोक्याने उभं करायला माझी तयारी नाही.

तर किटच्या यादीत चार हेल्मेट धरली आहेत, दोन बॅट्समनची, एक यष्टिरक्षकाचं, एक शॉर्ट लेगचं. पाचवी-सहावीसाठी लहान माप वेगळं लागेल. मेळाव्याला येताना मोजायची टेप आणते, पोरांची डोकी त्याच दिवशी मोजून घेऊ.