एडिसनची बॅटरी: गाडी सुरू करायला नापास, कॅम्पमध्ये पास

एडिसन म्हटलं की आपल्याला बल्ब आठवतो. पण याच माणसाने वयाच्या पन्नाशीनंतर जवळजवळ दहा वर्षं एका बॅटरीवर घालवली, हे फारसं कुणाला माहीत नसतं. आज अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलरसाठी, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घरासाठी, डीप सायकल बॅटरी निवडताना लोक ज्या प्रश्नावर अडतात, त्याच प्रश्नावर एडिसनही अडला होता. बॅटरीने एकदम जोरात करंट द्यायचा, की थोडा थोडा करंट तासन्‌तास पुरवायचा?

थॉमस एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, ओहायो राज्यातल्या मिलान गावातला. शाळा जेमतेम काही महिने. पोरवयात रेल्वेत पेपर आणि खाऊ विकला, पुढे टेलिग्राफ ऑपरेटर झाला. टेलिग्राफ बॅटरीवर चालायचा, त्यामुळे ॲसिडशी ओळख तिथलीच. त्याच्या चरित्रांमध्ये १८६७ चा एक किस्सा येतो. लुईव्हिलच्या ऑफिसात रात्रपाळीला बॅटरीवर प्रयोग करताना ॲसिड सांडलं, फळ्यांच्या फटींतून खाली साहेबाच्या टेबलावर गळलं आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. ॲसिडवरचा राग तिथूनच सुरू झाला असावा, हा आपला माझा अंदाज.

फोनोग्राफ १८७७, बल्ब १८७९, न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२. हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, म्हणून पुढे जाऊ.

१९०० च्या आसपास अमेरिकेच्या रस्त्यांवर वाफेच्या, पेट्रोलच्या आणि इलेक्ट्रिक अशा तिन्ही गाड्या धावत होत्या. इलेक्ट्रिक गाडीत लेड-ॲसिड बॅटरी असायची. ती जड, आणि पूर्ण उतरवून तशीच ठेवली तर प्लेटवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात आणि बॅटरी कायमची कमजोर होते. एडिसनने शिसंही टाळलं आणि ॲसिडही. एका बाजूला निकेल, दुसऱ्या बाजूला लोखंड आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी. (स्वीडनमध्ये वाल्देमार युंगनर नावाचा इंजिनिअर त्याच वाटेवर होता, त्यालाही श्रेय द्यायला हवं.)

१९०३ च्या सुमारास बॅटरी बाजारात आली. मग डबे गळायला लागले, क्षमता घटायला लागली. एडिसनने उत्पादन थांबवलं, विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत बसला. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी पॅच सोडतो. त्याला नवीन डिझाइन आणायला १९०९ उजाडलं. ही बॅटरी मात्र दणकट निघाली. पूर्ण उतरवा, वर्षानुवर्षं वापरा, फारसं बिघडत नव्हतं.

पण तोवर पेट्रोलची स्वस्त फोर्ड मॉडेल टी आली होती. आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसला. इंजिन फिरवायला दोन-तीन सेकंद प्रचंड करंट लागतो. निकेल-लोखंड बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त, त्यात थंडीत ती आणखी मंदावते. स्टार्टरचं काम लेड-ॲसिडने नेलं, ते आजतागायत तिच्याकडेच आहे. एडिसनची बॅटरी माल पोचवणाऱ्या इलेक्ट्रिक ट्रकमध्ये, खाणकामगारांच्या दिव्यांत आणि रेल्वे सिग्नलमध्ये गेली. रोज हळूहळू उतरायचं आणि पुन्हा चार्ज व्हायचं, असं ते काम. यालाच आपण डीप सायकल म्हणतो.

ट्रेलरवाल्याची गल्लतही इथेच होते. गाडीच्या बॅटरीत पातळ आणि भरपूर प्लेट असतात, म्हणजे पृष्ठभाग मोठा आणि झटका जोरात. डीप सायकलमध्ये प्लेट जाड असतात. लेबलवर फक्त क्रँकिंग अँपिअर लिहिले असतील तर ती बॅटरी दिवे-पंख्यासाठी घेऊ नका, अँपिअर-अवर बघा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर म्हणजे १२०० वॅट-अवर. लेड-ॲसिड निम्मीच उतरवायची असं धरलं तर हातात ६०० राहतात: ६० वॅटचा लोड दहा तास. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ८० टक्के आरामात वापरता येतात, वजनही कमी. फक्त शून्याखाली तापमान गेलं की ती चार्ज करायची नाही. आपल्या घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी डीप सायकलच्याच घराण्यातली.

दुसरी गोष्ट गॅसची. जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ई-२ या पाणबुडीत एडिसनच्या बॅटऱ्या बसवलेल्या असताना हायड्रोजनचा स्फोट झाला आणि माणसं दगावली. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटरीतूनही निघतो. ट्रेलरमध्ये पलंगाखाली अशी बॅटरी ठेवणारे लोक मी व्हिडिओत बघतो तेव्हा खरंच भीती वाटते. ती बाहेरच्या बाजूला, हवा जाणाऱ्या पेटीत हवी.

त्याच काळात एडिसन, हेन्री फोर्ड, टायरवाला हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे मित्र उन्हाळ्यात गाड्यांचा ताफा घेऊन कॅम्पिंगला निघू लागले. १९२१ मध्ये तर खुद्द राष्ट्राध्यक्ष हार्डिंग त्यांच्या कॅम्पवर आले होते. रानात मुक्काम पडला की तंबूंमध्ये विजेचे दिवे लागायचे, एडिसनच्या बॅटऱ्यांवर. सगळ्या कामांतलं हे काम त्या बॅटरीला सर्वांत शोभणारं होतं असं मला वाटतं.

१८ ऑक्टोबर १९३१ ला न्यू जर्सीत, वेस्ट ऑरेंजच्या घरी एडिसन गेला. त्याची बॅटरी अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत बनत राहिली. निकेल-लोखंड सेल आजही मिळतात, आणि काही लोक ते घरच्या सोलरला लावतात. ट्रेलरसाठी मी ते घेणार नाही: सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे १२ व्होल्टला दहा लागतात, सारखं बॅटरीचं पाणी घालावं लागतं, आणि नुसते ठेवले तरी हळूहळू उतरतात.