दुकानात आपण कोणत्या वाटेने चालायचं, याचं पेटंट घेणारा किराणावाला

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ९ ऑक्टोबर १९१७ रोजी १२४२८७२ क्रमांकाचं पेटंट दिलं. ते कुठल्या इंजिनाचं नव्हतं की औषधाचं नव्हतं. ते होतं किराणा दुकानाच्या मांडणीचं. गिऱ्हाईक कुठून आत येणार, कोणत्या कपाटांमधून वळणं घेत पुढे जाणार आणि पैसे देऊन कुठून बाहेर पडणार, हे त्यात आकृत्या काढून दाखवलं होतं. हे पेटंट घेणारा माणूस म्हणजे टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराचा क्लॅरेन्स सॉन्डर्स.

साखर आणि साबण आणायला सुपरमार्केटमध्ये गेलेला माणूस चिप्सचं मोठं पाकीट, दोन चॉकलेटं आणि एकावर एक फुकट मिळालेली बिस्किटं घेऊन बाहेर येतो. मग घरी आपल्याच मनाला दोष देत बसतो. पण यात त्याच्या मनाइतकाच हात दुकानाच्या मांडणीचा असतो. ही गोष्ट समजून घ्यायची तर सॉन्डर्सच्या आयुष्यापासूनच सुरुवात करावी लागते.

यादी द्यायची आणि वाट बघायची

सॉन्डर्सचा जन्म १८८१ साली व्हर्जिनिया राज्यात झाला. घरची गरिबी, आई लहानपणीच गेलेली. कुटुंब पुढे टेनेसीत आलं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा गावातल्या दुकानात कामाला लागला. तिथून तो किराणा मालाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे विक्रेता झाला आणि १९०४ मध्ये मेम्फिसला पोचला. गावोगावच्या किराणा दुकानदारांना माल विकणं हे त्याचं काम. त्यामुळे शेकडो दुकानं त्याने आतून पाहिली.

ती दुकानं कशी होती, हे देवरीच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. देवरी हे गोंदिया जिल्ह्यातलं, मुंबई-कोलकाता महामार्गावरचं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं तालुक्याचं ठिकाण. आजूबाजूला धानाची शेती आणि जंगल. अशा गावांत किराणा अजूनही मुख्यतः काउंटरवरूनच घेतला जातो. आपण यादी द्यायची, दुकानदार किंवा त्याचा पोऱ्या माल काढणार, तोलणार, पुडी बांधणार. ओळखीचं घर असेल तर वहीत मांडणार आणि धान विकलं गेलं की हिशोब चुकता होणार. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही हेच होतं. पीठ, साखर, बिस्किटं पिंपांत भरलेली असायची आणि त्यांच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये काउंटर असायचा.

या पद्धतीचे तोटे उघड आहेत. दुकानदाराने दिला तो माल आपला. तोलात खोट असली तरी बोलायची चोरी. किंमत विचारली तर चारचौघांत आपली ऐपत उघडी पडते. पण एक फायदा होता, आणि तो तेव्हा कुणाला फायदा वाटलाही नसेल. यादीत नसलेली वस्तू सहसा घरी येत नसे. लहान मुलाचा हात बरणीपर्यंत पोचत नसे. मुलाला खाऊ हवा तर आधी मोठ्या माणसाकडे मागावा लागे आणि मोठ्या माणसाने तो दुकानदाराकडे मागावा लागे. मोह आणि वस्तू यांच्यामध्ये दोन माणसं उभी होती.

सॉन्डर्सच्या डोळ्यात मात्र दुसरंच खुपत होतं. गर्दीच्या वेळी नोकर पुरत नसत आणि गर्दी नसताना तेच नोकर बसून पगार घेत. उधारी बुडाली की दुकान बुडे आणि दुकान बुडालं की घाऊक व्यापाऱ्याचेही पैसे बुडत. १९१५ मध्ये त्याने भागीदारीत स्वतःची घाऊक पेढी काढली, ती रोखीच्या व्यवहारावर. पुढच्याच वर्षी त्याने काउंटरच काढून टाकायचं ठरवलं.

पिगली विगली

सप्टेंबर १९१६ मध्ये मेम्फिसच्या ७९, जेफरसन ॲव्हेन्यू या पत्त्यावर एक विचित्र दुकान उघडलं. नावही विचित्रच होतं, पिगली विगली. नाव असं का, याचं सरळ उत्तर सॉन्डर्सने कधी दिलं नाही. लोकांनी विचारावं एवढाच त्याचा हेतू असावा, आणि तो साधला.

दारात फिरतं फाटक होतं. आत शिरताच हाती टोपली मिळे. उघड्या कपाटांवर सुमारे हजार प्रकारचा माल आणि प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. आपणच उचलायचं, टोपलीत टाकायचं आणि शेवटी बाहेरच्या दाराजवळ हिशोब करून रोख पैसे द्यायचे. उधारी नाही, घरपोच माल नाही. माल आपल्या हाताने घ्यायचे लहानमोठे प्रयोग याआधी इतरांनीही केले होते. पण वाट, टोपली, किंमतीची चिठ्ठी आणि बाहेर पडतानाचं बिल असं सगळं एकत्र बांधून त्याची साखळी उभी करणारा सॉन्डर्सच.

पेटंटमधली खरी करामत होती ती वाटेत. कपाटं अशी रचली होती की एकदा आत शिरलं की मागे फिरता येत नसे. नागमोडी वळणं घेत, दुकानातल्या झाडून सगळ्या मालासमोरून गेल्याशिवाय बिलाच्या टेबलापर्यंत पोचता येत नसे. फक्त मीठ हवं असलं तरी उरलेला सगळा माल नजरेखालून जायचा. गिऱ्हाईक काय करतंय हे त्याला न कळता वरून पाहता यावं, म्हणून सज्जाही आखलेला होता. आजच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचे हे पणजोबा म्हणायला हरकत नाही.

लोकांना हे दुकान आवडलं. माल स्वस्त होता, कारण नोकर कमी होते. बाईला एक डबा हातात घेऊन, उलटून पालटून, किंमत वाचून परत ठेवता येत होता, आणि त्यात कुणाची मिनतवारी नव्हती. ही सोय खरी होती, ती कमी लेखू नये.

बदल झाला तो मालाच्या रूपात. पूर्वी दुकानदार सांगे की ही डाळ चांगली, ती घेऊ नका. आता सांगणारं कुणी उरलं नाही. म्हणून वस्तूलाच बोलावं लागलं. डबा, रंग, चित्र, नाव यांना महत्त्व आलं. पिंपातली सुटी साखर किंवा तोलून द्यायचं पीठ या पद्धतीत अडचणीचं, बंद पाकीट सोयीचं. जे पाकिटात टिकतं, ते कपाटावर टिकतं. पालेभाजीला ही शर्यत जिंकणं अवघडच होतं. सॉन्डर्सने कुणाच्या तब्येतीवर उठून हे केलं नाही. त्याला पगार आणि उधारी वाचवायची होती. पण त्याच्या वाटेने पाकिटातल्या खाण्याला असं राज्य मिळवून दिलं, जे काउंटरच्या मागे त्याला कधी मिळालं नसतं.

गुलाबी महाल आणि दिवाळं

सात वर्षांत पिगली विगलीची १,२०० हून जास्त दुकानं झाली. काही सॉन्डर्सच्या कंपनीची, काही परवाना घेऊन चालवणाऱ्या इतरांची. मेम्फिसमध्ये त्याने गुलाबी संगमरवराचं प्रचंड घर बांधायला घेतलं. लोक त्याला गुलाबी महाल म्हणू लागले.

१९२२ च्या अखेरीस न्यूयॉर्ककडची काही परवानाधारक दुकानं बुडाली. शेअर बाजारातल्या मंदीवाल्यांनी संधी साधून पिगली विगलीचे शेअर हातात नसताना विकायला सुरुवात केली. सॉन्डर्स चिडला. त्याने बँकांकडून कर्ज काढून आपल्याच कंपनीचे शेअर बाजारातून उचलले, इतके की विकणाऱ्यांना परत द्यायला शेअरच सापडेनात. २० मार्च १९२३ ला भाव १२४ डॉलरपर्यंत गेला. पण शेअर बाजाराने त्या शेअरचे व्यवहारच थांबवले आणि मंदीवाल्यांना शेअर देण्यासाठी मुदत वाढवून दिली. त्यांनी इकडून तिकडून शेअर गोळा केले आणि सुटले. सॉन्डर्सच्या गळ्यात कर्ज उरलं. त्याच वर्षी कंपनी हातातून गेली आणि गुलाबी महालात राहायला जाण्याआधीच तोही गेला. पुढे मेम्फिस शहराने तिथे संग्रहालय केलं. त्यात पहिल्या पिगली विगलीची प्रतिकृती उभी आहे.

मग त्याने नवी साखळी काढली आणि तिला आपलंच नाव दिलं, तेही आपण या नावाचे एकमेव मालक आहोत अशा लांबलचक पाटीसह. त्यासाठी जुन्या कंपनीशी कोर्टात भांडावं लागलं. पुन्हा श्रीमंत झाला, फुटबॉलचा संघही पाळला. महामंदी आली आणि १९३० मध्ये तेही बुडालं.

वाट मोकळी झाली, ओढ राहिली

१९३० मध्येच न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकेल कलेन याने किंग कलेन नावाचं अवाढव्य दुकान उघडलं. १९३७ मध्ये ओक्लाहोमात सिल्व्हन गोल्डमन याने चाकांची ट्रॉली आणली. टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो, ट्रॉलीत ती अडचण राहिली नाही. सॉन्डर्सची सक्तीची नागमोडी वाट गेली, सरळ रांगा आल्या. आता सक्ती नव्हती, पण गिऱ्हाइकाने सगळीकडे फिरावं ही इच्छा तीच होती. म्हणून दूध बहुधा दुकानाच्या टोकाला असतं. शीतपेट्या मागच्या भिंतीला सोयीच्या पडतात हेही कारण आहे, पण तिथवर जाताना बाकीचा माल दिसतो, ते दुकानाला नकोसं नसतं. कंपनीला जास्त खपवायचं असेल ते डोळ्यांच्या उंचीवर येतं, मुलांचं असेल ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. रांगेच्या टोकाची जागा सर्वांत मोलाची. आणि बिलाच्या टेबलापाशी, जिथे थांबण्यावाचून गत्यंतर नाही, तिथे चॉकलेटं.

मुंबईत नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये उभ्या केलेल्या अपना बाजारपासून ते २००२ मध्ये पवईत सुरू झालेल्या डीमार्टपर्यंत मराठी घरांनी खरेदीचे बरेच प्रकार पाहिले. बिग बझारने तर दुकान मुद्दाम थोडं दाटीचं ठेवलं, आपल्याकडच्या बाजारासारखं वाटावं म्हणून.

हीच मांडणी उलट फिरवली तर काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. ब्रिटनमधल्या काही सुपरमार्केट साखळ्यांनी बिलाच्या टेबलापासून गोड आणि खारा खाऊ हटवण्याचं धोरण घेतलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की धोरण लागू होताच अशा छोट्या पाकिटांची खरेदी १७ टक्क्यांनी घटली. साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका साखळीच्या काही दुकानांत भाज्या-फळं दाराजवळ आणली आणि मिठाई बिलाच्या टेबलापासून दूर नेली. भाज्या-फळं जास्त खपली, मिठाई कमी. गिऱ्हाइकांना कुणी आरोग्यावर भाषण दिलं नव्हतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये तसा नियमच आहे. सुमारे २,००० चौरस फुटांहून मोठ्या दुकानात जास्त साखर, मीठ, चरबीचे ठराविक पदार्थ दारात, रांगेच्या टोकाला आणि बिलाच्या टेबलापाशी ठेवता येत नाहीत. सॉन्डर्सच्या नकाशातलं दार आणि बिलाचं टेबल आता कायद्यात आहे.

शेवटचा प्रयोग

सॉन्डर्स स्वतः मात्र तोवर कपाटांनाच कंटाळला होता. १९३७ मध्ये त्याने कीडूझल नावाचं दुकान उघडलं. सगळा माल काचेआड, प्रत्येकाचा एकच नमुना. गिऱ्हाइकाने हातातली किल्ली हव्या त्या वस्तूच्या खाचेत घालायची, मागच्या कोठारातून माल पट्ट्यावरून सरकत यायचा. इथे उचलायला काही नव्हतं, म्हणजे उगाच उचललं जाण्याची भीतीही नव्हती. पण यंत्रं सारखी बिघडत, गर्दीत मालाची सरमिसळ होई. १९४९ पर्यंत दुरुस्त्या करत त्याने तो प्रयोग ओढला आणि मग बंद केला. फूडइलेक्ट्रिक नावाच्या आणखी एका दुकानाची तयारी चालू असताना ऑक्टोबर १९५३ मध्ये तो वारला. ते दुकान उघडलंच नाही.

देवरीसारख्या गावात सुपरमार्केट नसलं तरी मांडणी आहेच. काउंटर अजून तोच, पण त्याच्या पुढे पाच रुपयांच्या चिप्स-कुरकुऱ्यांच्या लड्या लटकतात, अगदी शाळेतल्या पोराच्या नाकासमोर. डाळ, जवस, गूळ मागच्या पोत्यांत आणि डब्यांत. ते अजूनही मागावं लागतं. आठवडी बाजारात उलट असतं. तिथे शिंगाडे, वांगी, तरोट्याची भाजी जमिनीवर पसरलेली असते आणि ती ओलांडूनच पुढे जावं लागतं.

भारतात दुकानाच्या आतल्या मांडणीबद्दल इंग्लंडसारखा नियम नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. त्यापलीकडच्या दुकानात लडी कुठे टांगायची, हे दुकानदार ठरवतो.